पडघ्यानंतर घोटी

माझा फोन टिंग वाजला की शेजारची पोशी म्हणायची, "रखमीबाय, तुझा पोरगा वाजला."

वाजला तर वाजला! तुझा वाजतो का? असं मी तोंडावर विचारलं की गप बसायची. तिचा पोरगा वसईला वीटभट्टीवर. जिवंत आहे की मेला, हे होळीलाच कळायचं. माझं तसं नव्हतं.

हेमराजनं गाडी घेतली ती माझ्या नावावर. बाप जाऊन वर्ष झालं होतं, म्हणाला, "आये, तुझंच नाव चांगलं." म्हणून टोलनाक्याच्या त्या टॅगलाही नंबर माझाच लागला. ठाण्याहून फोन करून म्हणाला, आकडे आलेत ते वाच. मी वाचले. अक्षरं मला येत नाय, आकडे येतात. तेव्हापासून गाडी नाक्यातनं गेली की पैसे कापायचे त्याचे आणि मेसेज यायचा मला. तो टॅग म्हणजे खेळायच्या पत्त्याएवढा कागद. लोक काचेला चिकटवतात. आमच्या शहाण्यानं कधी चिकटवला नाय. गाडीत पुढं पडलेला असायचा, नाका आला की हातानं काचेला लावायचा. मी म्हटलं, चिकटव की मेल्या, हरवेल. म्हणाला, "आये, सगळे ड्रायव्हर असंच करतात."

मेसेज इंग्रजी. पण मला दोनच नावं ओळखायची होती. लांब नाव आलं की पडघ्याचा नाका, तोकडं आलं की घोटीचा. मुंबईकडनं नाशकाला जाताना आधी पडघा लागतो, मग कसारा. कसाऱ्यापाशी आमचा खोडाळ्याचा रस्ता फुटतो. न वळता सरळ गेलं की घाट, इगतपुरी आणि मग घोटी. म्हणजे पडघ्यानंतर घोटी वाजली तर पोरगा नाशकाला गेला. घोटी नाय वाजली तर तो आमच्या रस्त्याला वळला. एवढं साधं.

पडघा वाजला की मी कणगीतले तांदूळ सुपात काढून चुलीपाशी बसायचे. धुवायचे नाय. धुतलेले तांदूळ परत कणगीत टाकता येत नाय. निवडत बसायचे. खडा नसला तरी निवडायचे. मग टिंग. तोकडं नाव. तांदूळ परत कणगीत, आणि मी आपली रात्रीचीच नागलीची भाकर चटणीशी खायची. एकटीसाठी कोण चूल पेटवतं?

भांडण झालं होतं आमचं, म्हणून तो येत नव्हता. दिवाळीच्याही आधीच्या पावसात आला होता, म्हणाला, आये, कळव्याला खोली आहे, चल. मी म्हटलं, खोलीत कोंडायला मी कोंबडी आहे काय? तो म्हणाला, मग राहा एकटी. मी म्हटलं, राहीन. गेला तो गेला. फोन नाय. मीही केला नाय. मी का करू? आई मी आहे की तो आहे? आणि खरं सांगायचं तर मला फोनची गरजच पडत नव्हती. रोज सकाळी पडघा, मग घोटी. संध्याकाळी घोटी, मग पडघा. पोरगा हिंडतोय, फिरतोय, बरा आहे. संध्याकाळचा पडघा वाजला की मी म्हणायचे, पोचला बाबा. आणि पडायचे.

मधे एकदा पोशी जव्हारला गेली होती, प्रकल्प कार्यालयात काही काम होतं. आली ती धावतच. "रखमीबाय, हेमराज दिसला. एसटी डेपोजवळ, टायरच्या दुकानात."

"कधी?"

"आज. दुपारच्याला."

मी फोन बघितला. त्या दिवशी तो उशिरा निघाला होता, दुपारी तर घोटीत होता. तोकडं नाव, समोर होतं. "डोळे तपासून घे," मी म्हटलं, "नायतर जव्हारच्या दवाखान्यात जा, तिथं फुकट चष्मा देतात."

पोशी रुसली. तेव्हापासून बोलायची बंद झाली. मला काय फरक पडतो? असं मी म्हणत होते, पण ते दिवस फार मोठे गेले.

होळी झाली आणि बोहाडा आला, मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायचा आमचा सण. आमच्या पाड्याच्या बोहाड्यात भीमाचं सोंग तुकाच्या घराचं. तुका म्हणजे माझा नवरा. अंगानं काडी, पण भीमाचा मुखवटा चढला आणि संबळ वाजला की पाडा थरथरायचा. त्याच्या बापाचं सोंग, त्याच्या आज्याचं. तुका गेल्यावर पहिलं वर्ष सुतकाचं म्हणून मुखवटा पाटीत झाकून राहिला. दुसऱ्या वर्षी हेमराजनं नाचवला. आणि हे तिसरं.

आमच्यात रीत अशी की बोहाड्याआधी एक सकाळ सगळे मुखवटे देवळापुढं मांडतात. प्रत्येकापुढं एक नारळ. ज्या घराचं सोंग, त्या घराच्या गड्यानं नारळ उचलायचा. देवळापुढच्या खांबाची सावली पायाशी येईपर्यंत मुदत. तोवर गडी आला नाय, तर घरातल्या बाईनं तो नारळ आपल्या हातानं दुसऱ्या घराला द्यायचा. एकदा दिला की दिला. मुखवटा कायमचा त्या घरी जातो. देव उष्टं परत घेत नाय, असं आमचे जुने लोक मानतात.

त्या सकाळी उजाडताच पडघा वाजला.

काय सांगू! रोजच्यापेक्षा लवकर वाजला होता. म्हणजे घाईनं निघाला. म्हणजे आजचा दिवस त्याच्या लक्षात आहे. बोहाड्याला ये म्हणून सांगावं लागत नाय आमच्या पोरांना, ती येतातच. मी तांदूळ काढले आणि धुतले. चुलीवर आधण ठेवून त्यात टाकले, खाली निखारे ओढले, नवं लुगडं नेसले आणि देवळाकडे निघाले. वाटेत पोशीच्या दारात थांबून म्हटलं, "निघाला पोरगा. पडघा वाजला." आम्ही बोलत नव्हतो तरी म्हटलं.

देवळापुढं सगळा पाडा. पांड्या कारभारी खांबापाशी बसलेला. बोहाडा त्याच्या ताब्यात. एकेक घर आलं, एकेक नारळ उचलला. गणपती गेला, नरसिंह गेला. भीम राहिला.

"रखमी, गडी कुठं?" पांड्या म्हणाला.

"येतोय. पडघा सोडला त्यानं."

"म्हणजे?"

"म्हणजे येतोय! सावली कुठं आली अजून?"

खालच्या अंगाचा गोरख भीमाजवळच बसला होता. पोरगं चांगलं आहे, नाव ठेवायला जागा नाय. पण त्याचा डोळा त्या मुखवट्यावर आहे हे सगळ्या पाड्याला माहीत. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "गोरख, सरक जरा. उन्हात बसायची हौस आहे का?" लोक हसले. मीही हसले. मला त्या घटकेला किती बरं वाटत होतं! वाटत होतं, आता जीपच्या धुरळ्यात पांढरी गाडी दिसेल, आणि पोशी तोंड वाकडं करेल.

फोन मुठीत धरला होता. वाजू नको, वाजू नको, म्हणत होते.

आणि वाजला.

तोकडं नाव.

मी ते बघत राहिले. बोटानं वर-खाली केलं. घोटीच. दुसरं काही नाय. म्हणजे आमचा फाटा मागं टाकून गेला तो. आजच्या दिवशी. बापाचं सोंग उन्हात ठेवून नाशकाला भाडं मारायला गेला. इथं मी नवं लुगडं नेसून पाड्यापुढं हसतेय, आणि तो इगतपुरीला चहा पिऊन पुढं गेला असेल.

माझं डोकं सटकलं. मी उठले, भीमापुढचा नारळ उचलला आणि गोरखच्या ओंजळीत टाकला.

"घे. तुझं झालं."

"काकी, थांब की," गोरखच घाबरला. "सावली आली नाय अजून."

"सावलीला काय करायचंय? माणूसच येणार नाय."

पांड्या उठून उभा राहिला. "रखमी, पुन्हा बघ. एकदा दिला की..."

"रीत मला शिकवू नको, कारभारी. याच देवळापुढं लगीन लागलं माझं."

गोरखनं नारळ कपाळाला लावला. संबळवाल्यानं दोन टोले दिले. झालं. मी खाली मान घालून निघाले. डोळ्यांत पाणी येत होतं, पण ते मी कोणाला दाखवणार नव्हते.

देवळाच्या पायऱ्या उतरते तोच खोडाळ्याकडनं काळीपिवळी जीप आली. मागं लटकलेली माणसं उतरली. त्यातला एक हेमराज होता.

हातात पिशवी. पिशवीत बापाचे घुंगरू, त्यानं ठाण्याला नेले होते ते. घामानं थबथबलेला. मला बघून म्हणाला, "आये, झालं का? मोखाड्याला जीप भरेचना. ड्रायव्हर हलायला तयार नाय. मला वाटलं उशीर झाला." आणि त्यानं खांबाकडे बघितलं. सावली पायाशी यायची होती अजून. हातभर होती. तो हसला. "आलो वेळेत."

मी मुठीतल्या फोनकडे बघितलं.

"तू... तू घोटीला होतास ना?"

"मी? घोटीला कशाला? जव्हारहून आलो."

मागं देवळापुढं गोरख नारळ घेऊन उभा होता. हेमराजनं बघितलं. त्याला सांगावं लागलं नाय, त्याच पाड्यातला आहे तो. त्यानं पिशवी हळूच खाली ठेवली. घुंगरू वाजले.

घरी आल्यावर तो भात जेवला. निखाऱ्यावर भात मऊ झाला होता, करपला नव्हता, तेवढं एक बरं. मी समोर बसले. तो खाली बघून जेवत होता आणि सांगत होता. पावसाळ्यातच गाडीचं इंजिन बसलं. गाडी कळव्याच्या गॅरेजात उभी. तुझ्या नावावरची गाडी, काय तोंडानं सांगू? म्हणून जव्हारला आला, टायरच्या दुकानात लागला. वाटलं, गाडीचं काही झालं की घरी जाऊ.

"आणि टॅग?" मी विचारलं.

"कसला टॅग?"

"तो कागद! पडघा, घोटी. रोज वाजतोय."

त्याचा हात थांबला. "तो संदीपला दिला. खोलीत माझ्याबरोबर होता तो. त्याचा टॅग बंद पडला होता. त्याची पण गाडी तसलीच, रोज मुंबई-नाशिक मारतो. माझा सुटाच होता, म्हटलं वापर, पैसे तू भर. तसं चालत नाय म्हणा, पण हातानं काचेला लावला की कोण बघतंय? आये, त्याचे मेसेज तुला येतात हे माझ्या लक्षातच..."

आणि मला सगळं आठवायला लागलं. कणगीत परत टाकलेले तांदूळ. पडघा वाजला की 'पोचला बाबा' म्हणून पडायचे ते. कोण कुठला संदीप, मी त्याची वाट बघत होते. त्याच्यावर रागावत होते. त्याला शिव्या देत होते आणि त्याच्यावर माया करत होते. माझा पोरगा जव्हारला दुसऱ्यांचे टायर काढत होता.

"अरे, मग एक फोन करायचास," मी म्हटलं.

तो म्हणाला, "तुला माझे मेसेज येत होते, आये. खोटे का असेना, येत होते. मला तुझं काहीच येत नव्हतं."

मी ताटात भात वाढला. तो नको म्हणाला तरी वाढला.

बोहाडा बघायला थांब म्हटलं. नाय थांबला. दुकानाचा मालक सोडत नाय म्हणाला. ते खरं असेल, पण भीम दुसऱ्याच्या अंगावर बघवणार नव्हता, हे जास्त खरं. उन्हं उतरताना तो जीपकडे गेला. घुंगरू पिशवीतच होते. जाता जाता ते गोरखच्या ओट्यावर ठेवून गेला. गोरखची बायको दारात उभी होती, तिनं पदर डोळ्याला लावला.

मी घरी येऊन बसले. दिवेलागणीला टिंग वाजलं. लांब नाव, पडघा. संदीप कळव्याला पोचणार आता. पोचू दे बिचारा, त्याचीही कुणी आई असेल.

पण माझा? खोडाळ्यापासून जव्हारपर्यंत एवढा रस्ता. मोखाडा लागतो, घाट लागतो, वळणं लागतात. टोलनाका एकही नाय. कोण वाजणार? कोण सांगणार मला? मी फोन हातात घेऊन बसले तशीच. मग पोशीला हाक मारली. ती आली, रुसवा होता तरी आली. म्हटलं, "हेमराजचा नंबर लावून दे. मला नावं वाचता येत नाय."

तिनं लावून दिला आणि माझ्याजवळच बसली.

"हॅलो?" तो म्हणाला. मागं माणसांचा कालवा होता.

"पोचलास का?" मी म्हटलं.



"नाय, आये. मोखाड्यातच आहे. जीप भरली नाय अजून. पोचलो की सांगतो."

"नको," मी म्हटलं. "तू नको सांगू. मीच विचारते."