पहिला घोट

गल्लीतल्या कुठल्याही पोराचं पोट बिघडलं, की आई म्हणायची, "चल काढेकाकांकडे." काकांचं दुकान म्हणजे एवढीशी खोली, भिंतीला लागून बरण्या, कोपऱ्यात स्टोव्ह. तपासणीत काही सापडत नाही आणि पोर तर अन्नाला शिवत नाही, असली दुखणी त्यांच्याकडे यायची. सुंठ, ओवा, बडीशेप यांची पूड ते पाण्यात उकळत, गाळत आणि पोराच्या देखत पहिला घोट स्वतः घेत. पूड जुनी झाली की त्या घोटात कळायचं. "जीभ ही देवाने बसवलेली राखणदारीण आहे," असं म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात काकांना ताप आला आणि राखणदारीण गेली ती गेलीच. वासही येईनासा झाला. माणूस देवाच्या नावाला जागणारा, पण लाज देवापेक्षा मोठी झाली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घोट मात्र घेतच राहिले. बायको शेजारणीला हसत सांगायची, "हल्ली माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाहीत हो. सूर्य पश्चिमेला उगवलाय!"

अशातच त्यांच्या धाकट्या लेकीचं पोट रुसलं. दोन घास खाल्ले की फुगायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत दोष काही नाही. पण वजन उतरू देऊ नका." वजन उतरतच होतं. फ्रॉक खांद्यावरून घसरू लागला.

"अहो, जगाची पोरं बरी करता," बायको म्हणाली. "हाताचं यश घरी येताना दाराबाहेर काढून ठेवता की काय, चपलांसारखं?"

काका रोज काढा करीत, देवाचं नाव घेत, घोट घेत आणि "फक्कड!" म्हणत. पोर डोळे मिटून पेला रिकामा करायची. मग मोरीशी जाऊन ओकायची.

एका दुपारी बायको भांडी घासायला दुकानात आली. पातेलं उचललं आणि थबकली.

"अहो, ह्याला कुबट वास मारतोय!" तिने बरण्या उघडून पाहिल्या. ओल्या भिंतीजवळची बडीशेपेची पूड बुरसून तिचा गोळा झाला होता. "आणि तुम्ही हे आत्ता प्यायलात?"

काका खाली बघत म्हणाले, "मला काही लागत नाही गं. तापापासून. मीठसुद्धा नाही."

बायकोने पातेलं उपडं केलं. "आणि मी शेजारणीला हसत सांगत फिरले," ती म्हणाली.

बाकावर पडून असलेली पोर हळूच म्हणाली, "मला घाण लागायचं, बाबा. पण तुम्ही आधी पीत होतात ना. म्हटलं, माझीच जीभ वाईट."

काकांनी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. पण कुठल्या तोंडाने घेणार?

बरणी उकिरड्यावर गेली. संध्याकाळी त्यांनी पोरीपुढे दुधाचा पेला धरला. सवयीने हात आधी स्वतःच्या ओठांकडे वळला. पोरीने मान फिरवली.

"तुम्ही नको. आधी आई पिऊ दे."

आईने घोट घेतला. "ताजं आहे गं, गोड आहे. घे ना, माझी बाय." पोरीचे ओठ तरीही मिटलेलेच. काका पेला धरून उभे राहिले. दुधावर साय धरली.

दारावर थाप पडली. समोरच्या घरातली सून होती, कडेवर मूल घेऊन. "काका, कालच्या काढ्याने हा फारच ओकतोय हो. आज जरा दाट करून द्याल?"