रेषेचा चढ

फेरपरीक्षेच्या गठ्ठ्यातला प्रितीचा पेपर वाचून वैशाली मॅडमनी कपाळाला हात लावला. आलेखात रेषा वर जाते, मग आडवी होते, मग खाली येते. तर मुलगा काय करतोय, एवढाच प्रश्न. प्रितीने लिहिलं होतं, मुलगा टेकडी चढला, माथ्यावर चालला आणि उतरला.

दरवर्षी निम्मी अकरावी या टेकडीवर जातेच. पण प्रिती नेमकी दोन मार्कांनी लटकली होती, आणि आता नापास म्हणजे सायन्स सुटलं. एक प्रश्न तोंडी विचारायची सोय होती, म्हणून मॅडमनी तिला बोलावून घेतलं. खरं तर त्यांना घरी जाऊन नुसतं पडून राहायचं होतं. हल्ली रोजच तसं वाटायचं.

प्रिती घोडपदेवहून परळच्या कॉलेजपर्यंत धापा टाकत आली.

"टेकडी कुठून आणलीस गं?"

"मॅडम, स्लोप म्हणजे चढच ना? दहावीला आम्हाला 'रेषेचा चढ' होता. मग चढ आहे तर तो चढणारच ना?"

यावर काय रागवायचं? दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या पोरीच्या हातात पुस्तकानेच चढ दिला होता.

"उंची विसर. उभ्या अक्षावर घरापासूनचं अंतर आहे, आडव्या अक्षावर वेळ. आता वाच."

प्रितीचं बोट रेषेवरून सरकू लागलं. "घरापासून लांब गेला..." आडव्या रेषेपाशी ती अडखळली. "इथे टाइम जातोय, पण अंतर तेवढंच. म्हणजे उभाच आहे?"

"मला विचारू नकोस, सांग. उदाहरण दे एखादं."

प्रितीने वर्गभर नजर फिरवली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"तुम्ही, मॅडम! माझी आत्या दोन हजार चारला तुमच्याकडेच होती, ह्याच वर्गात. हाच ग्राफ शिकवलेला म्हणाली. वर्षं चाललीत, तुम्ही तिथेच!"

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. मॅडमना ते लागलं, चांगलंच लागलं. भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "आणि वेग किती?"

"शून्य," प्रिती पुटपुटली. "सॉरी, मॅडम."

"सॉरी कशाला? बरोबर आहे."

त्यांनी तिला पूर्ण मार्क दिले, खाली सही केली, आणि पोरगी निघून गेली तरी खुर्चीतून उठल्या नाहीत.