आतला खिसा

मी एक कोट बोलतोय. काळा, जाड लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा, गळ्यापर्यंत बटणं असलेला. मला घालून कोणी भर बाजारातून चाललं तर लोक वळून वळून बघतील, कारण मी या काळातला नाहीच. मला एका नाटकासाठी शिवलं. माझा जन्म नाटकमंडळीच्या कपड्यांच्या खोलीत झाला, इस्त्रीच्या वाफेत आणि शिंपीमास्तरांच्या कुरकुरीत. असले कपडे घालणारी माणसं श्वास तरी कशी घेत असतील, असं ते प्रत्येक बटणाला म्हणायचे.

नाटक व्हिक्टोरियन काळातलं होतं. ओसाड माळावरची एक हवेली, वाऱ्याने वाजणारी तावदानं, वरच्या मजल्यावर कायम बंद असलेली एक खोली. या सगळ्याचा मालक म्हणजे एक अबोल, सभ्य गृहस्थ. त्याची बायको त्या खोलीत वारलेली. खोलीची किल्ली तो स्वतःजवळ ठेवतो, कुणाला आत जाऊ देत नाही आणि का, ते सांगत नाही. यानेच तिला मारलं की काय, ही शंका नाटकभर घोंगावत राहते. मी त्या गृहस्थाचा कोट.

मास्तरांनी मला छातीच्या डाव्या बाजूला एक आतला खिसा दिला आणि त्याला फ्लॅनेलचं दुहेरी अस्तर लावलं. त्याला कारण होतं. आमच्या मंडळीत एक रीत आहे. तालमी घेणाऱ्या बाई प्रत्येक नटाला सांगतात, तुझं पात्र खिशात काय घेऊन फिरतं ते ठरव, ती वस्तू खरोखर खिशात ठेव आणि कुणालाही दाखवू नकोस. अगदी मलासुद्धा, असं बाई बजावतात. दुसऱ्याच्या खिशात हात घालणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. चोरी करणाऱ्याला बाई एक वेळ चहा पाजून समज देतील, पण खिसा चाचपणाऱ्याला सरळ दार दाखवतील. अस्तर असं जाड, की रंगमंचावर आतली वस्तू वाजू नये.

गृहस्थाचं काम मौनीबुवांकडे आलं. हे नाव अर्थात मंडळीनेच ठेवलेलं. भूमापन कचेरीत नकाशे काढणारे, पन्नाशी उलटलेले, शब्दाला महाग असलेले गृहस्थ. तालमीला सगळ्यांच्या आधी यायचे, खुर्च्या मांडायचे, आपली वाक्यं चोख म्हणायचे आणि खुर्च्या उचलून घरी जायचे. पहिल्यांदा मला अंगात घातलं तेव्हा त्यांनी सगळी बटणं लावली आणि एकही सैल करा म्हणाले नाहीत. मास्तर खूश झाले. मला मात्र आतून त्यांच्या छातीची धडधड लागत होती, आणि ती चेहऱ्याशी अजिबात जुळत नव्हती.

वाचनाच्या वेळी गृहस्थाच्या स्वभावावर तावातावाने चर्चा झाली. वकिलाचं काम करणारा म्हणाला, हा माणूस अपराधी आहे, म्हणून मूग गिळून बसलाय. दाईचं काम करणारी म्हणाली, नाही, हा दगड आहे, याला काही वाटतच नाही. त्या काळात पुरुषाने भावना दाखवणं हलकं समजत, हे रीतीचं बंधन आहे, असं तिसऱ्या कुणाचं मत पडलं. शेवटी बाईंनी मौनीबुवांना विचारलं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"त्याला बोलायचं आहे," ते म्हणाले. "पण एक शब्द निघाला तर मागोमाग सगळंच बाहेर येईल आणि मग आपल्याला आवरता येणार नाही, याची त्याला भीती वाटते. म्हणून तो लोकांना विचारतो, जेवलात का, बाहेर थंडी आहे का. त्याचं प्रेम त्या विचारण्यात असतं. समोरच्याला ते ऐकू येत नाही, एवढंच."

मौनीबुवांनी एका दमात एवढं बोललेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी खुर्ची उचलली आणि जागेवर नेऊन ठेवली.

त्यांचं घर कसं होतं ते मला बाई आणि मास्तरांच्या बोलण्यातून कळलं. नाटक बसायच्या आदल्या वर्षी त्यांची बायको गेली. मुलगी एकच. लहानपणापासून तीही आमच्याच मंडळीत कामं करायची, खिशाची रीत तिला मौनीबुवांनीच शिकवलेली. आई गेली त्या दिवशी वडिलांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आल्यागेल्याला पाणी दिलं, भांडी घासून पालथी घातली, वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. मुलीला ते सहन झालं नाही. तुम्हाला काळीज आहे की नाही, असं विचारून तिने घराची आपली किल्ली टेबलावर टाकली आणि दुसऱ्या गावी राहायला गेली. त्यांनी तिला थांब म्हटलं नाही. पावसाळी हवा आहे, छत्री घे, असं म्हणाले.

ती किल्ली माझ्या खिशात होती. लाल दोरा बांधलेली, तिचीच. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांनी ती पाठमोरं होऊन माझ्यात ठेवली. मंडळीला वाटायचं, त्यात हवेलीतल्या बंद खोलीची किल्ली असणार. नाटकात घुसमट झाली की गृहस्थाचा हात नकळत छातीवर जायचा. वर्तमानपत्रात कुणी लिहिलं, की अपराधाची टोचणी दाखवणारी ही लकब अप्रतिम आहे. बाईंनी ते कात्रण आरशाला चिकटवलं. मी काय बोलणार, मी कोट.

प्रयोगाआधी खोलीत कुणी नसलं की ते आरशासमोर उभे राहून एक वाक्य म्हणायचे. ते नाटकातलं नव्हतं. "ही तुझी किल्ली. घर तुझंच आहे." पानंच्या पानं तोंडपाठ असलेला हा माणूस त्या दोन ओळींत अडखळायचा. कधी 'किल्ली'वर थांबायचा, कधी 'तुझंच'वर. मी जिवाचे कान करून ऐकायचो आणि वाटायचं, आज जमलं.

जो शेवटचा ठरला, त्या प्रयोगाला मुलगी आली. नाटकाच्या अखेरीस खोलीचं दार उघडतं, आणि आत मढं नाही की रक्ताचा डाग नाही. नीट अंथरलेला पलंग असतो, उशाला पाण्याचा भरलेला पेला असतो. गृहस्थ रोज चादर आणि पाणी बदलत असतो. त्या पलंगाकडे बघून सगळं प्रेक्षागृह रडायचं. त्या दिवशी तीही रडली असावी, कारण प्रयोगानंतर कपड्यांच्या खोलीत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"छान केलंत, बाबा," ती म्हणाली. "फक्त एक कळलं नाही. इतकं वाटत होतं, तर तो बोलला का नाही?"

त्यांचा हात खिशात शिरला. बोटं किल्लीवर घट्ट आवळली गेली. छाती अशी धडधडत होती, की माझी शिवण उसवेल असं वाटलं. म्हणा, मी मनातल्या मनात म्हणत होतो, दोनच तर वाक्यं आहेत. ती वाट बघत उभी होती. खरंच वाट बघत होती, मी शपथेवर सांगतो.

"गाडी किती वाजताची आहे?" त्यांनी विचारलं.

तिने वेळ सांगितली. "काहीतरी खाऊन जा," ते म्हणाले. हात रिकामाच बाहेर आला. ती गेली, आणि त्यांनी मला उतरवून खुंटीला लावलं. किल्ली तशीच राहू दिली. पुढच्या प्रयोगाला देऊ, असं त्यांनी ठरवलं असणार. पुढचा प्रयोग झालाच नाही. थंडीच्या दिवसांत एका सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं. शेजारच्या काकांनी त्यांना दवाखान्यात नेलं आणि त्या धावपळीत दार ओढून घेतलं. दाराचं कुलूप आपोआप लागणारं. मौनीबुवांच्या किल्ल्या आत राहिल्या, ते बाहेर राहिले आणि परत आले नाहीत.

सगळे विधी उरकल्यावर मुलगी मंडळीच्या जागेत आली. मास्तरांनी मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, तुझ्याकडेच राहू दे. तिने मला चेहऱ्याशी धरलं. मग मास्तरांनी सांगितलं, की आतल्या खिशात काहीतरी आहे, आम्ही कुणी बघितलं नाही. तिचा हात खिशाच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला.

"राहू दे," ती म्हणाली. "ते बाबांचं आहे. त्यांनीच शिकवलंय."

तिथून ती मला हातावर टाकून वडिलांच्या घरी गेली. किल्लीवाला दारात वाट बघत होता. तिने मला जिन्याच्या कठड्यावर टाकलं. लोखंडाला किल्ली टेकली, पण आवाज झाला नाही. मास्तरांचं अस्तर फार चांगलं होतं.

किल्लीवाल्याने कुलूप खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "फोडावंच लागेल. जादाची किल्ली कुणाकडे ठेवली नव्हती का त्यांनी?"

"नाही," ती म्हणाली. "माझी होती, ती मी टाकून गेले. ते कुणाला किल्ली देणाऱ्यातले नव्हते."

मी दोन हातांच्या अंतरावर होतो. मला बाह्या आहेत, त्यांत हात नाहीत. त्याने यंत्र लावलं, लोखंडाचा कीस जमिनीवर पडत राहिला, आणि दार उघडलं.

मला उचलून ती आत गेली. सगळं जागच्या जागी. तिच्या खोलीत पलंगावर स्वच्छ चादर ताणून घातलेली, उशाला पाण्याचा तांब्या भरून झाकून ठेवलेला. ती दारात उभी राहिली. "बाबांची टापटीप," असं शेजारच्या काकांना म्हणाली आणि खिडक्या उघडायला गेली. रंगमंचावरचा पलंग तिला कळला होता. हा नाही कळला.

आता मी तिच्या घरी, तिच्या कपाटात असतो. डांबरगोळ्यांच्या वासाने जीव नकोसा होतो, पण कसर लागू नये म्हणून ती काळजी घेते. कधीकधी दार उघडून उभी राहते, माझ्या बाहीवरून हात फिरवते आणि म्हणते, एकदा तरी बोलायचं होतंत. मग बटणं नीट लावून कपाट बंद करते.

मुली, ते घर विकलं गेलं. दाराला नवं कुलूप आहे, ही किल्ली आता कुठलंच दार उघडणार नाही. लाल दोराही विटला असेल. तरी एकदा त्या खिशात हात घाल. एवढा एक नियम मोड. बाईंना मी काही सांगणार नाही.