चाळीस मीटर लिनन

"चौकोन!" लेक ओरडली. "आई, अगं सगळीकडे चौकोन!"

आक्काने हातातलं कापडाचं टोक टेबलावर टाकलं आणि कडेकडेने चालत आली. फळबागेत झाडांच्या दोन रांगांमध्ये मांडलेलं ते टेबल चाळीस मीटर लांब होतं. एकशेवीस पाहुणे एकाच टेबलाला बसणार होते, फ्रेंच थाट म्हणे असाच असतो. त्यावर नुकतंच अंथरलेलं पांढरं लिनन या टोकापासून त्या टोकापर्यंत गणिताच्या वहीसारखं दिसत होतं. उभ्या घड्या, आडव्या घड्या, आणि प्रत्येक घडी इतकी पक्की की बोट फिरवलं तर बोटाला लागावी.

चूक कोणाची हे सांगायला कोणी पंच नको होता. आक्काची चोवीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात गेली होती. तिथे चादर इस्त्रीतून निघाली की तिच्या सोळा घड्या घालायच्या, वर वजन ठेवायचं आणि गठ्ठा बांधायचा. हे चाळीस मीटर कापड तिने घरच्या पलंगावर तीन दिवस खपून इस्त्री केलं होतं. मग अभिमानाने, हात ठरलेल्या वाटेने चालतात तसे चालू देऊन, सोळा घड्या घातल्या होत्या. वर पत्र्याची पेटीही ठेवली होती. दवाखान्याच्या सुती चादरीला या घड्यांचं काही वाटत नाही. लिननने मात्र प्रत्येक घडी मनात धरून ठेवली होती.

"पुसून जाईल गं," आक्का म्हणाली.

"आई, घडी आहे ती. खडूची रेघ नाहीये."

लेकीचा आवाज रडवेला झाला होता आणि त्याला कारणही तसंच होतं. चांगली बिनघोर नोकरी सोडून तिने लग्नं सजवून देण्याचा धंदा काढला, त्यातलं हे पहिलंच काम. नवरी दोन वर्षं फ्रान्सला शिकून आलेली. तिला लग्न तसंच हवं होतं, मेणबत्त्या, फिकट रंग, झाडाखाली एकच लांब टेबल. नवरीच्या आईला, म्हणजे सोनेरी चष्मेवाल्या बाईंना, मोठ्या शहरातली नावाजलेली कंपनी आणायची होती. लेकीने त्यांच्या घरी बसून छातीठोकपणे सांगितलं होतं, "आपल्याच गावात सगळे कारागीर आहेत. एकदा बघा तर." बाईंनी बघायचं कबूल केलं होतं, पण नाक मुरडूनच. आज जरा कुठे फसलं असतं तर पोरीचा धंदा पहिल्याच दिवशी मिटला असता.

आणि पोरीने माणसं तरी काय एकेक हुडकून काढली होती! आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवलेल्या शिंप्याने नवरीचा झगा शिवला होता, पाठीवर चोपन्न बटणं, एकही तिरकं नाही. पाव भाजणारा बेकरीवाला पहाटेपासून क्रीम भरलेल्या गोळ्यांचा मनोरा रचत होता आणि जवळून कोणी शिंकलं तरी त्याच्यावर डोळे वटारत होता. अकॉर्डियनवाले काका निवृत्त पोस्टमन होते. सगळ्यांचं काम वेळेवर आणि चोख. फक्त जिच्या इस्त्रीची लेकीने बाईंसमोर सगळ्यात जास्त तारीफ केली होती तिचीच माती झाली होती. आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू त्या बाजूला ये," ती लेकीला म्हणाली. "कापड ओलं करू, दोघी मिळून ताणू, मग वरून इस्त्री."

दोघींनी टेबलाच्या दोन बाजूंनी कापडाच्या कडा धरल्या. आक्काने पाणी शिंपडलं, झटका दिला. लेकीने अर्ध्या सेकंदाने दिला. कापड तिच्याकडे सरकलं, विणीचे धागे वाकडे झाले, चौकोन होते ते आता तिरपे चौकोन झाले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा लेकीने एवढ्या जोरात ओढलं की आक्का टेबलावर आडवी होता होता वाचली.

"जमत नाहीये," लेक म्हणाली. मग आईकडे न बघता तिने विचारलं, "आई, त्यांना बोलावलं तर?"

त्यांना म्हणजे कोणाला हे आक्काला कळलं होतं. तरी तिने विचारलं, "कोणाला?"

"माहितीये तुला."

ताडमाड. धुलाईघरातली तिची जोडीची बाई. आक्का जेमतेम पाच फूट, आणि ती दाराच्या चौकटीखाली वाकून जाणारी, म्हणून हे नाव आक्कानेच ठेवलेलं. चोवीस वर्षं दोघी रोज समोरासमोर उभ्या राहून चादरी ताणत आणि दुमडत आल्या होत्या, आणि त्यातली शेवटची सात वर्षं एकमेकींशी एक शब्दही न बोलता. काही सांगायचं झालंच तर मशीनला सांगायच्या. "ए मशीनबाई, चादर ओली राहिलीये म्हणावं." त्यावर पलीकडून, "मशीनबाई, डोळे आहेत म्हणावं मला." सगळं धुलाईघर हसायचं, या दोघी सोडून.

भांडण झालं ते मुकादमाच्या जागेवरून. जागा आक्काला मिळणार हे जवळपास ठरलं होतं. तेव्हा ताडमाड साहेबांच्या खोलीत गेली आणि सांगून आली, की आक्काला वॉर्डाच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत, मीच वाचून दाखवते. हे खरं होतं. खोटं असतं तर आक्काने तिथल्या तिथे झिंज्या उपटून विषय संपवला असता. खरं होतं म्हणून ते सात वर्षं आत सलत राहिलं.

साडेआठ वाजत होते. चार वाजता पाहुणे येणार, त्याआधी दोनला चष्मेवाल्या बाई. आक्काने लेकीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि बागेच्या फाटकाकडे तरातरा चालायला लागली.

ताडमाड सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. आज तिची सुट्टी आहे हे आक्काला ठाऊक होतं. बोलणं बंद असलं तरी हजेरीच्या पाट्या कोणीतरी वाचून दाखवतंच की! दार उघडलं. हातात चहाचा कप, आणि भुवया पार कपाळावर चढलेल्या.

"काम आहे," आक्का दाराच्या कडीकडे बघत म्हणाली.

"कोणाशी बोलतेयस? कडीशी?"

"तुझ्याशी."

"मग इकडे बघून बोल. इथे मशीनबिशीन नाहीये."

आक्काने वर पाहिलं. ताडमाडचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, गालही आत गेले होते. हे कधी झालं? रोज चार फुटांवर उभी राहूनही सात वर्षं आक्काने फक्त तिचे हात बघितले होते.

"पोरीच्या कामाचं लिनन होतं. चाळीस मीटर. मी इस्त्री करून घडी घातली."

"लिननला? घडी?" ताडमाडने कप खाली ठेवला. "कुठली घडी?"

"आपलीच. सोळाची."

ताडमाड आधी नाकातून हसली. मग तोंडातून, मग जिन्याच्या पायरीवर बसून पोट धरून. "अगं बाई! गुंडाळतात ते, नळीवर! सोळाची घडी! वर पेटीपण ठेवली असशील!"

"ठेवली," आक्का दात ओठ खात म्हणाली. "हसून झालं असेल तर चल. दुसऱ्या कोणाचा हात माझ्या हाताशी जुळत नाही."

ताडमाडचं हसू थांबलं. "आणि मी का म्हणून येऊ?"

"पोरीसाठी. तिची काही चूक नाही. माझ्यासाठी नको येऊस."

"तुझ्यासाठी येतच नाहीये."

"नकोच येऊस."

"नाहीच येत," असं म्हणत ताडमाडने पायात चपला सरकवल्या आणि आक्काच्या पुढे जिना उतरून गेलीसुद्धा.

कामाला लागल्यावर मात्र काही बोलावं लागलं नाही. मांडवात फुलं लावणाऱ्या बाईकडून फवाऱ्याची बाटली मागून घेतली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. कापड ओलं झालं, चार हातांनी कडा धरल्या आणि एकच झटका बसला. फट्! असा आवाज आला की मनोऱ्याजवळचा बेकरीवाला दचकला. धागे सरळ झाले. मग दोन्हीकडून दोन इस्त्र्या, मधून कडेकडे. लेकीने मागून वायर ओढत आणायची. एक मीटर झाला. एक पाऊल बाजूला, पुन्हा पाणी, पुन्हा फट्.

लेक डोळे विस्फारून बघत होती. कापडावर चौकोन काय, चौकोनाची आठवणही राहत नव्हती.

पंधराव्या मीटरला आक्काला राहवलं नाही.

"का सांगितलंस साहेबांना?"

"पाणी मार," ताडमाड म्हणाली.

"मारते. का सांगितलंस?"

फट्. इस्त्री फिरली. ताडमाडने मान वर केली नाही. "मला हवी होती ती जागा. म्हणून सांगितलं. झालं समाधान?"

"मिळाली?"

"कुठली! बघतेसच की रोज, साहेबांच्या भाच्याला मिळाली. त्याला तरी कुठे वाचता येतंय धड!"

आक्काला हसू आलं. ते तिने मोठ्या कष्टाने दाबलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र दाबता आलं नाही. "मला शिकवायचं होतंस," ती म्हणाली. "चिठ्ठ्या वाचून दाखवायचीस ना रोज? मला सांगितलं असतंस तर मी शिकले असते. तुझ्याकडून शिकले असते."

ताडमाडने बाहीने नाक पुसलं आणि इस्त्री गरम झालीये म्हणून पुटपुटली.

चष्मेवाल्या बाई दोनला येणार होत्या त्या एकलाच आल्या. अशा बायका नेहमी लवकरच येतात. तेव्हा आठ मीटर बाकी होते, आठही मीटर चौकोनांनी भरलेले. बाई टेबलाच्या कडेने मातीत टाचा रोवत आल्या आणि त्या दोघींपाशी थांबल्या. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे काय चाललंय?"

"ते... शेवटचा हात असा जागेवरच..." लेक चाचरली.

"खोटं नको बोलूस," आक्का म्हणाली आणि इस्त्री उभी करून ठेवली. "बाई, चूक माझी आहे. इस्त्री करून घडी घातली, लिननला घालायची नसते. तीच काढतोय. तासाभरात होईल."

"आणि नाही झालं तर? चारला माणसं येतायत. मी आधीच म्हणत होते, धंद्यातली कंपनी आणा. कोण आहात तुम्ही? कुठे करता काम?"

आक्काचे कान तापले. दवाखान्याच्या धुलाईघरात, असं सांगायच्या ऐवजी ती कापडाची कड सारखी करायला लागली. आता या बाई काय म्हणतील ते तिला आधीच ऐकू येत होतं.

"सरकारी दवाखान्यात," पलीकडून ताडमाडचा आवाज आला. ती पूर्ण उंचीला उभी राहिली होती आणि बाईंना मान वर करून बघावं लागत होतं. "रोज पाचशे चादरी होतात आमच्या हातून. तुम्ही कधी आजारी पडून झोपला असाल तर आमच्याच इस्त्रीवर झोपला असाल. हिच्याइतका साफ हात अख्ख्या धुलाईघरात कोणाचा नाही, माझाही नाही. नाही झालं काम तर मला बोला, हिला नाही. पण होणारे. आता जरा बाजूला व्हा, पाणी उडेल."

बाई खरंच बाजूला झाल्या. दोन पावलं मागे सरकून, पर्स पोटाशी धरून त्या बघत राहिल्या. पाणी, झटका, फट्. एक पाऊल. पाणी, झटका, फट्. आक्काला समोरचं नीट दिसत नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. पलीकडचे हात कधी ओढणार हे तिच्या हातांना ठाऊक होतं. शेवटचा मीटर झाला तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती.

बाईंनी चष्मा काढला, कापडाच्या पातळीला डोळे आणून पार त्या टोकापर्यंत नजर टाकली. "हं," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "फ्रान्सच्या फोटोतसुद्धा असं नव्हतं."

लेकीने आईला अशी काही मिठी मारली की तिच्या हातातली बाटली टेबलाखाली गडगडत गेली.

चारला पाहुणे आले आणि फाटकातच थबकले. झाडांची सावली त्या पांढऱ्या कापडावर पडली होती, मेणबत्त्या ओळीत उभ्या होत्या, काका अकॉर्डियन वाजवत होते. चोपन्न बटणांचा झगा घालून नवरी टेबलाच्या टोकाशी आली, तिने लांबवर पाहिलं आणि तिला रडूच कोसळलं. मनोरा शेवटपर्यंत उभा राहिला आणि बेकरीवाला त्या दिवशी पहिल्यांदा पाणी प्यायला. शिंपी जो भेटेल त्याला बटणं मोजायला सांगत होता. दोन पाहुण्यांनी लेकीचा नंबर मागून घेतला. तिसरी मागणी खुद्द चष्मेवाल्या बाईंची होती. "माझ्या बहिणीकडे कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच करायचा. हीच सगळी माणसं हवीत. आणि कापडाचं कोण बघतं ते लिहून द्या मला."

लेकीने आईकडे पाहिलं.

"मी बघते," आक्का म्हणाली. आणि मग हाताला धरून तिने ताडमाडला पुढे ओढलं. "मी आणि ही. ही माझी जोडीदार."

ताडमाड एकदम मनोऱ्याकडे बघायला लागली, जणू मनोरा आत्ताच कोणीतरी आणून ठेवला होता.

दोन पाहुणे आलेच नव्हते. नवरी स्वतः उठून आली आणि त्या दोन खुर्च्यांवर या दोघींना बसवून गेली. नको नको म्हणायला त्यांना सवडच मिळाली नाही. समोर बशा आल्या, ग्लास आले. आक्का पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसली. शेजारी ताडमाडही तशीच. चोवीस वर्षांत दोघींनी किती चादरींना इस्त्री केली असेल, पण अंथरलेल्या कापडाला माणसाने टेकायचं असतं हे काही हातांना पटेना.

"डाग पडेल," आक्का हळूच म्हणाली.

"पडू दे की," ताडमाड म्हणाली. तिने आपला भाजल्याच्या खुणांनी भरलेला रुंद हात उचलला आणि लिननवर सपाट ठेवला. "ठेव गं. आपणच केलंय."

आक्काने आजूबाजूला पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. मग तिने मांडीवरचा हात उचलला आणि जोडीदारणीच्या हाताशेजारी ठेवला.