जिथे जमीन हलत नाही

चष्मेकाकांच्या मुलीला भूकंपांचा अभ्यास करायचा होता आणि दोन देशांतल्या विद्यापीठांनी तिला बोलावलं होतं. एका देशात आत्या राहायची. सकाळच्या विमानात बसलं की दुपारच्या जेवणाला तिच्या दारात. दुसरा देश इतका लांब की तिथे उजाडायचं तेव्हा इथे अंथरुणं पडायची. आत्याच्या देशात सगळं होतं, फक्त भूकंप नव्हते. तिथली जमीन कुणाच्या आठवणीत कधी हललेली नव्हती. लांबच्या देशात मात्र लोक कपाटंसुद्धा भिंतीला स्क्रूने आवळून ठेवतात.

"लोक भूकंपापासून पळतात, आमची बया त्याच्याकडे पळत निघालीय," आई म्हणाली आणि त्यापुढे तिने या विषयात तोंड घातलं नाही.

काकांचं तसं नव्हतं. "तुझं तू ठरव, माझं काही म्हणणं नाही," असं ते दिवसातून चारदा म्हणायचे आणि पाचव्यांदा आत्याकडची रिकामी खोली किती हवेशीर आहे ते सांगायचे. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही त्यांची जुनी खोड.

मुलीला घरात बुटकी म्हणत. आता ती बापापेक्षा चार बोटं उंच झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. एरवी तोंडाची फटकळ, पण या एका बाबतीत तिचं नुसतं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. शुक्रवारी दोन्हीकडे कळवायचं होतं. गुरुवार उजाडला तरी ती म्हणत होती, "तुम्ही सांगाल तसं, बाबा."

काका वैतागले. "चल दुकानात," ते म्हणाले. "एका मिनिटात निकाल लावतो."

काकांच्या चष्म्यांच्या दुकानामागे डोळे तपासायची अरुंद खोली होती. एक उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, बाजूला भिंगांची पेटी. डोळ्यांसमोर एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "आधीचं बरं की आताचं?" गिऱ्हाईक पटकन बोललं पाहिजे. माणसाला विचार करायला वेळ दिला की तो शहाणपणा करतो, असं काकांचं ठाम मत होतं. या पद्धतीवर त्यांनी अख्ख्या बाजाराचे नंबर काढले होते. मग मुलीचा देश तो काय!

बुटकी खुर्चीत बसली. काकांनी सवयीने चाचणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली. ती हसली.

"हसू नको. झटपट सांगायचं. आत्याचा देश की लांबचा?"

"आत्याचा."

काकांच्या जिवात जीव आला. पण धंद्यातला माणूस एका उत्तरावर नंबर लिहीत नाही. तिचं लक्ष दुसरीकडे वळवावं आणि मग पुन्हा विचारावं, म्हणून ते म्हणाले, "निळा रंग की पिवळा?"

"निळा."

"डोंगर की समुद्र?"

"समुद्र."

"चहा की कॉफी?"

"चहा."

काका थांबले. ही मुलगी चहाच्या वासानेसुद्धा नाक मुरडते. घरात चहाबाज एकच, आणि तो आत्ता तिच्यासमोर उभा होता.

"तू कधीपासून चहा प्यायला लागलीस?"

बुटकी गोंधळली. "तुम्ही 'चहा' असं काही म्हणालात की... मला वाटलं तेच बरोबर आहे."

"अगं, तू माझ्या तोंडाकडे बघून उत्तरं देतेयस!"

"मग कुणाच्या तोंडाकडे बघू? लहानपणापासून तशीच देतेय." तिने फ्रेम काढून मांडीवर ठेवली. "शाळेत माझं डोकं दुखायचं, आठवतं? तुम्ही भिंग बदललं की तुमच्या आवाजावरून मला कळायचं, तुम्हाला कुठलं उत्तर हवंय. मी तेच द्यायचे. तुम्ही खूश व्हायचात. फळा मला दोन वर्षं धूसर दिसत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना, माझ्या पोरीचा नंबर मी पहिल्या झटक्यात काढला म्हणून."

काकांनी स्टूल ओढलं आणि ते बसले. अख्खा बाजार ज्यांच्या चष्म्यांतून बघत होता, त्यांच्या पोरीला दोन वर्षं फळा दिसत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तेव्हा दोन वर्षं वाया गेली होती, आता शिक्षणाची सगळीच वर्षं गेली असती.

"ऐक," ते म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही, हे साफ खोटं आहे. मला तू आत्याकडे हवी आहेस. लांबच्या देशात जमीन हलते म्हणून मी घाबरतो, आणि ती हलत नसती तरी घाबरलो असतो. तू लांब गेलीस की मला घर खायला उठेल. झालं, सांगितलं. आता ते माझं मी बघेन. तू तुझं बोल."

बुटकी मांडीवरच्या फ्रेमच्या काड्या उघडत-मिटत राहिली. काकांनीही या वेळी घाई केली नाही.

"आत्याच्या देशात मी भूकंप फक्त पुस्तकात वाचेन, बाबा."

"हे उत्तर नव्हे."

"लांबचा," ती म्हणाली. इतक्या हळू, की शब्द जेमतेम ऐकू आला.

काकांना तो ऐकू आला. त्यांनी मान डोलावली, सरळ आवाजात बोलायचं ठरवलं, आणि ते त्यांना जमलं नाही.

"पक्कं?" त्यांनी विचारलं. त्या एका शब्दात सगळी विनवणी उतरली. ती त्यांची त्यांनाच ऐकू आली, पण शब्द तोंडातून सुटून गेला होता.

बुटकीने नेहमीसारखं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना काय ऐकायचंय ते तिथे स्वच्छ दिसत होतं. ती तिथून नजर न काढता म्हणाली, "पक्कं."