आंब्याच्या नऊ फळ्या

गणपतराव उचगावात एकदाच उपसरपंच झाले, तेही पावणेतीन वर्षं. पण पद गेलं तरी लोक त्यांना सरपंचच म्हणत आणि ते ओ देत. कुणाच्या रानात बोअर मारायची असो की कुणाचं नवं दुकान उघडायचं असो, नारळ गणपतरावांच्याच हातचा. त्यामुळं वळवाच्या वाऱ्यात घरापुढचा जुना रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला, तेव्हा दोन दिवस त्यांना वाईट वाटलं आणि तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं, की यातून गावासाठी काहीतरी करता येईल.

पंचनामा झाला, फांद्या जळणाला गेल्या. उरला तो बुंधा. दहा फूट लांब, एकाच्या कवेत न मावणारा, आणि पडला होता नेमका कंपाउंडच्या भिंतीत आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात अडकून. वखारवाला ईरप्पा येऊन बघून गेला.

"क्रेन आत येत न्हाई, सरपंच. आणि हे धूड माझ्या वखारीपतूर येणार कसं? तुकडं करून चुलीत घाला."

गणपतराव हिरमुसले. तेव्हा त्यांची सून अनुजा म्हणाली, "मामा, लाकूड करवतीकडं जात न्हाय, तर करवत लाकडाकडं आणू की."

अनुजा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. लग्नाआधी शिरोलीच्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायला होती. तिनं पेट्रोलवर चालणारी साखळी करवत मागवली आणि सोबत ॲल्युमिनियमची एक चौकट. चौकट करवतीच्या पात्याला आवळायची, करवत आडवी धरायची आणि बुंध्यावरून सरकवत न्यायची, की एकसारख्या जाडीची फळी सुटून येते. गणपतरावांना चौकट काही कळली नाही, पण फळी बरोबर कळली. संध्याकाळपर्यंत त्यांनी अभ्यासिकेला टेबल, तालमीला चार बाकं आणि भजनी मंडळाला पेटी ठेवायचं स्टूल कबूल करून टाकलं.

"रविवारी सकाळी धाला उद्घाटन," त्यांनी घरात जाहीर केलं.

"मामा, मशीन आधी बसवायला लागतंय. घाई केली तर फळी वाकडी येणार."

"बसवायला काय गणपती हाय व्हय? चालू करायचं की!"

रविवारी मांडव पडला, स्पीकर लागला, पन्नासेक माणसं जमली. नारळ फुटला. हार करवतीला घालायला अनुजानं साफ नकार दिला, म्हणून तो बुंध्याला घातला. मग लोकांना जे बघायला मिळालं ते असं: गणपतरावांची सून गुडघ्यावर बसून बुंध्यावर एक शिडी ठेवतेय. पहिल्या कापाला बुंध्याचा वरचा भाग गोल, खडबडीत. त्यावर करवत हेलकावे खाणार. म्हणून सरळ शिडी स्क्रूनं पक्की करायची आणि करवतीची चौकट तिच्यावरून सरकवायची. एकदा सपाट काप निघाला, की पुढच्या फळीला तोच काप वाट दाखवतो. अनुजानं लेव्हल लावली. एका बाजूला पातळ चिपाट सारलं. परत लेव्हल लावली. साखळी बोटानं ओढून बघितली, पाना घेऊन जराशी आवळली. पेट्रोलमध्ये ऑइल मापानं घातलं.

"आता सुरू होतंय," गणपतराव माइकवर म्हणाले. पहिला चहा झाल्यावर तेच परत म्हणाले. दुसरा चहा झाला तरी तिसऱ्यांदा म्हणाले.

शेवटी करवत गुरगुरली आणि ओल्या आंब्याचा भुसा उडायला लागला. अनुजा मागं झालेल्या कापात पाचर ठोकत होती, म्हणजे वरचं लाकूड दबून पातं अडकू नये. लोक पुढं सरसावले. चार फूट काप गेला असेल नसेल, आणि खण्णकन आवाज होऊन ठिणगी उडाली. अनुजानं करवत बंद केली.

"खिळा हाय आत."

"झाडात खिळा?" गणपतराव माइकवरच कडाडले. "असलं काम कोण करतंय? समोर या म्हणावं!"

समोर कुणी आलं नाही. ईरप्पानं वाकून बुंध्याची साल जराशी उचकटली. तिथं आणखी एक गंजका खिळा होता आणि त्याच्या डोक्याखाली अडकलेला फ्लेक्सचा चतकोर तुकडा. तुकड्यावर मिशीचं एक वळलेलं टोक.

"सरपंच," ईरप्पा म्हणाला, "ही तुमचीच मिशी की."

पंधरा वर्षं वाढदिवसाचे फ्लेक्स याच झाडावर लागत होते. स्पीकरवाला मुलूखभर फिरलेला माणूस. त्यानं न सांगता माइक बंद केला. हसू दाबत, पोट धरत माणसं पांगली.

गणपतराव घरात गेले, जेवले, आडवे झाले. झोप लागेना. बाहेरून कानशीचा आवाज येत होता. सर्र, सर्र, सर्र. मग जरा थांबून पुन्हा तीनदा. ते उठून बाहेर आले. अनुजा साखळीचा एकेक दात घासत बसली होती.

"किती राहिलेत?"

"एक्केचाळीस. प्रत्येकाला सारख्याच कानशी माराय लागत्यात. कमीजास्त झालं तर करवत एका बाजूला वढती."

"नवी साखळी आणू की."

"आणा की. पण खिळं जुनंच हायत न्हवं, मामा?"

गणपतराव तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "मी काय करू?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता. अनुजानं त्यांच्या हातात पक्कड, छिन्नी आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दिलं. चुंबक चिकटेल तिथं खिळा. अंधार पडेपर्यंत त्यांनी त्रेसष्ट खिळे काढले. सुरुवातीला कुणी बघतंय का म्हणून ते दोनतीनदा रस्त्याकडं वळले. नंतर वळायचं विसरले.

पुढचे चार दिवस सासरा-सून बुंध्यापाशीच. पेट्रोलची टाकी संपली की पात्याच्या खाचेतला भुसा काढायचा, हवेची जाळी ब्रशनं झाडायची, साखळीचा ताण बघायचा, हे सगळं गणपतराव शिकले. भुशावरून धार ओळखायची खूण तर त्यांनी स्वतःच्या शब्दांत बसवली: "रवा पडतोय तवर चालू द्या. पीठ पडलं की थांबा, धार गेली." पाचर ठोकायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. आतले आणखी दोन खिळे लागले, दोन्ही वेळा त्यांनी स्वतःहून कानस आणून दिली.

नऊ फळ्या निघाल्या. पिवळसर, मधून तपकिरी लाटा गेलेल्या. त्यांच्यावरून हात फिरवताना गणपतरावांना गहिवरून आलं.

"उद्या सुताराला बोलवू."

"मामा, ओल्या हायत. आत्ता टेबल केलं तर महिन्यात पिळवटणार. इंचाला एक वरीस वाळाय पायजेत."

फळ्या दोन इंची होत्या.

शेडमध्ये फळ्यांची रास लागली. दोन फळ्यांत हवा खेळायला पट्ट्या, टोकं चिरू नयेत म्हणून रंग, फळ्या वाकू नयेत म्हणून वर दगड. सारख्या वाळाव्यात म्हणून दर महिन्याला वरच्या खाली आणि खालच्या वर करायच्या. आणि लोक यायला लागले. अभ्यासिकेची वर्षाराणी आली.

"काका, टेबल?"

"वाळतंय लाकूड. दोन वर्षं लागतील."

"बरं बरं," ती म्हणाली आणि तोंडावर ओढणी धरून गेली.

पाण्याची टाकी देतो म्हणाले होते तेव्हा गावानं टाळ्या वाजवल्या होत्या. बायपासला जोडरस्ता देतो म्हणाले तेव्हा गुलाल उधळला होता. ना टाकी आली, ना रस्ता. आणि आता लाकूड वाळतंय म्हटलं, तर माणसं डोळे मिचकावत होती. गणपतराव येईल त्याला शेडमध्ये ओढून नेत, फळीवर हात ठेवायला लावत, "ओल लागती का न्हाय, सांग!" म्हणून विचारत. माणूस हात ठेवी, मान हलवी आणि बाहेर जाऊन हसे.

तालमीचे वस्ताद हंबीरराव मात्र सरळ बोलले. "म्हणजे बाकं दोन वर्षांनी. पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर, असंच न्हवं?"

गणपतरावांनी बोटं मोजली. निवडणूक खरोखरच तेव्हाच येत होती. मग ते फळ्यांवरचे दगड उतरवायला लागले. महिना झाला होता. खालच्या फळ्या वर घ्यायच्या होत्या.