मधला ससा

दुकानदाराने छोट्या डीव्हीडी प्लेअरचं झाकण उघडलं, आपली नमुन्याची डिस्क आत बसवली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक धबधबा आला, उचकी लागल्यासारखा दोनदा हलला आणि तिथेच थिजला. त्याने डिस्क काढून बाहीला पुसली, पुन्हा घातली. धबधबा पुन्हा थिजला.

"दिवसभर हीच फिरते हो, चरे पडलेत," तो म्हणाला. "तुमच्याकडे आहे का एखादी? आपल्या ओळखीचं चित्र असलं की पारख नीट होते."

काउंटरसमोर ट्रकड्रायव्हर उभा होता, बायको शेजारी स्टुलावर. त्याने बायकोकडे पाहिलं आणि तिची नजर मिळायच्या आत दुसरीकडे वळवली. मग शर्टाची वरची बटणं सोडून त्याने बनियनजवळ ठेवलेली एक चौकोनी पुरचुंडी काढली. पिवळं फडकं होतं. गाडीची काच पुसायला तो असलीच फडकी वापरायचा, पण हे नवंकोरं होतं.

फडकं सुटलं, आतलं पाकीट दिसलं आणि बायको स्टुलावरून अर्धवट उठली. पाकीट शाळेचं होतं. त्यावर लेकीचं, ठमीचं नाव तिनेच बॉलपेनने लिहिलं होतं.

सकाळपासून ती घुश्शात होती. गाडीत ठेवायला एक लहानसा टीव्ही बघू, डिस्कही चालेल असा, असं नवऱ्याने चहा पिताना सांगितलं तेव्हा तिने कप खाली ठेवला तो जरा आपटूनच. पोरगी जाऊन वर्ष झालं नाही तोच या माणसाला प्रवासात करमणूक हवी झाली. ढाब्यावर गाडी लावून मॅच बघतील, दुसरं काय. तिने साफ नाहीच म्हटलं असतं, पण तो म्हणाला, तू चल, तुझ्या नजरेनं घेऊ. इतक्या वर्षांत त्याने भाजीसुद्धा तिच्या नजरेने घेतली नव्हती. म्हणून ती आली, आणि गाल फुगवून बसली.

दुकानदाराने दोघं आल्याआल्या अँटेना ओढून बातम्या लावून दाखवल्या होत्या. कुठंही गाडी थांबवा, मॅच दिसणार म्हणजे दिसणार, असंही तो म्हणाला होता. ड्रायव्हरने नुसतं "हं" केलं. त्याने विचारलं ते दोनच गोष्टींचं. गाडीला हादरे बसले तर चित्र अडकतं का, आणि पडद्यात माणूस ओळखू येतो का. दुसरा प्रश्न ऐकून तिला त्याची कीवच आली होती. टीव्हीत माणसं ओळखू आली नाहीत तर तो घ्यायचा कशाला.

आता ती त्या पाकिटाकडे बघत राहिली. स्नेहसंमेलनानंतर शाळेने घरोघर एकेक डिस्क दिली होती. घरात ती लावायला काही नव्हतं, म्हणून तिने ती कपाटात स्वेटरांखाली ठेवून दिली. ठमी गेल्यावर एकदा धीर करून ती काढायला गेली, तर जागेवर नव्हती. दप्तर त्याने कुणाला तरी देऊन टाकलं होतं, तशी हीसुद्धा टाकली असेल असं तिने धरून घेतलं. विचारलं नाही. तेव्हा दोघं एकमेकांना फारसं काही विचारतच नव्हती.

डिस्क आत गेली. गाणं सुरू झालं आणि हाताएवढ्या पडद्यावर पांढरे ठिपके उड्या मारायला लागले. पांढरे झगे, डोक्यावर लांब कानांच्या टोप्या आणि चेहऱ्यावर पुठ्ठ्याचे मुखवटे. सशांचा नाच होता.

"ही," ड्रायव्हर म्हणाला. पडद्याला बोट लागू न देता त्याने दाखवलं. "मधली. सगळ्यांच्या पुढे."

बायकोने मधल्या सशाकडे पाहिलं. मग तिची नजर आपोआप पडद्याच्या डाव्या कडेला गेली. त्या दिवशीही ती तिथेच गेली होती.

मधली मुलगी कंपाउंडरची होती. नाचात हुशार, अंगाने जरा उंच. तालमीत मध्ये ठमीच असायची, हे खरं. पण सशांना पांढरे बूट हवे होते. ते ड्रायव्हर येताना आणणार होता आणि त्याची गाडी कुठल्याशा घाटात अडकून पडली. ठमी शाळेचे काळे बूट घालून गेली. काळ्या पायांचा ससा कधी पाहिलाय का, असं बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि त्यांनी तिला ओढून कडेला उभं केलं. पोर रडली नाही. नाचली.

संध्याकाळी बापाचा फोन आला. बूट नसल्याचं त्याच्या जिवाला लागलं होतं. आई शेजारीच उभी होती. ठमीने फोन दोन्ही हातांनी धरला आणि सांगितलं, की बाबा, मी मैत्रिणीचे बूट घेतले, मी मध्येच होते, सगळ्यांच्या पुढे. फोन ठेवल्यावर तिने आईकडे असं बघितलं, की आईने तोंडातून ब्र काढला नाही. पुढे तो पांढरे बूट घेऊन आला तेव्हा कार्टीने ते पायातून काढायचंच नाकारलं, अंथरुणातसुद्धा. त्यानंतर थोड्याच दिवसांत तापाचं निमित्त झालं.

"बघ, मान कशी वळवते," ड्रायव्हर म्हणत होता. "जिना उतरताना वळवायची ना, तशीच."

बायकोने विचारलं की ही डिस्क तुम्ही याआधी कुठे बघितलीत. त्याने दुकानदाराकडे एकदा पाहून हळू आवाजात सांगितलं. त्याच्याच मार्गावर गाडी हाकणारा एक सरदार म्हणून होता. सरदार कसला, नुसत्या मिशा होत्या. त्याच्या केबिनमध्ये असलाच एक जुना प्लेअर होता, पडद्यात आडव्या रेघा, रंग उडालेले. जेवायला थांबलं की सरदार डबा घेऊन खाली उतरायचा आणि याला वर बसू द्यायचा. आता सरदारने मार्ग बदलला. तेव्हापासून नुसती डिस्कच खिशात होती.

"तुला सांगायचं होतं," तो म्हणाला. "पण तिचं नाव काढलं की तू उठून जायचीस."

ते खरं होतं. बरं झालं, तेवढ्यात बाहेर हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हरने ट्रक दुकानाच्या दारात आडवा लावला होता आणि मागे एका टेम्पोचं घोडं अडलं होतं. "गाडी काढून येतो, तोवर मोठा दाखवा यांना," असं दुकानदाराला सांगून तो पळाला.

दुकानदाराने मोठा प्लेअर काउंटरवर ठेवला. हा वहीएवढा रुंद होता. डिस्क त्यात घातली, आणि तेच गाणं, तेच ससे, पण आता मुखवट्याच्या मिशासुद्धा मोजून घ्याव्यात असे.

"आता कसं," दुकानदार खुशीत म्हणाला. "फरक बघा वहिनी. त्या कडेच्या मुलीचे बूट काळे आहेत, तेसुद्धा दिसतं. छोट्यावर कळलं असतं का?"

ती पडद्यापाशी वाकली. कॅमेरावाल्याने सगळं लक्ष मधल्या मुलीवर ठेवलं होतं. त्यामुळे कडेचा ससा अर्धा आत, अर्धा बाहेर. रांग उजवीकडे सरकली की तो चित्रात यायचा, डावीकडे गेली की नाहीसा व्हायचा. काळे बूट सगळ्यांपेक्षा उंच उडत होते. टोपी मोठी झाली होती, एक कान डोळ्यावर येत होता आणि दर चौथ्या उडीला एक हात वर जाऊन तो कान मागे सारत होता. डावा हात. तो कान टाचून द्यायला हवा होता. टाचायचं म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

तिने तळहात उचलून पडद्याच्या मध्यावर धरला. बाकीचे सगळे ससे झाकले गेले.

"डाग पडतील हो," दुकानदार म्हणाला आणि मग तोही पडद्याकडे वाकला. त्याने विचारलं, "कडेची तुमची का?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"पण ते तर म्हणाले..."

"त्यांना माहीत नाही."

गाणं संपलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं, आणि त्याने काही न विचारता लावलं. काळे बूट आत आले, बाहेर गेले, पुन्हा आत आले. तिचे डोळे हटत नव्हते. गेले कित्येक महिने तिने एक वाक्य जपून ठेवलं होतं. तुम्ही वेळेवर आला असतात तर माझी पोर कडेला गेली नसती. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते ओठांपर्यंत आलं होतं. ठमी गेल्यावर त्याने पहिली खेप धरली त्या सकाळीही आलं होतं. प्रत्येक वेळी तिने ते गिळलं, आणि प्रत्येक वेळी ते आत जास्त कडू झालं. आता तर बोलायचीही गरज नव्हती. डिस्क मोठ्या प्लेअरमध्ये तशीच राहू द्यायची. तो येऊन वाकणार, काळे बूट बघणार आणि सगळं त्याचं त्याला कळणार. बूट कोणामुळे काळे होते हेही कळणार, आणि इतके दिवस उघड्या डोळ्यांनी कंपाउंडरच्या पोरीवर माया करत बसलो हेही.

बाहेर ट्रकचं दार आपटलं.

"काढा ती," ती म्हणाली.

डिस्क हातात येईपर्यंत ड्रायव्हर आत आला होता. धाप लागली होती, पण चेहरा उजळलेला. गाडी हलवताना त्याने मनाशी ठरवूनही टाकलं असावं, कारण आल्याआल्या तो मोठ्यापाशी गेला.

"कसा आहे गं? दिसते का स्वच्छ? लावा जरा, मला बघू दे."

"हा नको," बायको म्हणाली. "डिस्क घासतो. आतून आवाज आला करकर."

दुकानदाराने मान वर केली. आत्ताच तो याच प्लेअरचे गोडवे गात होता, आणि त्याच्या तोंडावर कुणी त्याच्या मालाला अशी नावं ठेवलेली बहुधा पहिलीच वेळ असावी. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने डिस्क दोन्ही हातांत धरली होती.

"होतं कधी कधी तसं," तो शेवटी म्हणाला. "याचं काही सांगता येत नाही." आणि मोठ्या प्लेअरचं झाकण लावून त्याने तो स्वतःच खोक्यात घातला.

"मग नकोच," ड्रायव्हर घाईने म्हणाला. "ही एकच आहे आपल्याकडे. छोटाच द्या. दिसतंय की त्यात."

ट्रकच्या बॅटरीचा दाब जास्त असतो, गाडीतली साधी पिन लावली तर प्लेअर जळेल, म्हणून दुकानदाराने शोधून वेगळी पिन दिली. ती बसते का बघून या, नाहीतर बदलून देतो, असंही म्हणाला. जाताना बायकोला त्याने नुसता नमस्कार केला.

केबिनमध्ये ती आज कितीतरी दिवसांनी चढली. वर चढायची घाई ठमीला असायची. हिला डिझेलचा वास सहन होत नसे. ड्रायव्हरने प्लेअर पुढच्या फळीवर ठेवला, घसरू नये म्हणून खाली पिवळं फडकं घातलं, पिन बसवली. दिवा लागला. तिने डिस्क त्याच्या हातात दिली.

पांढरे ठिपके पुन्हा नाचायला लागले. दोघं बघत बसली. बाहेरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"तू तर समोरच बसली होतीस," ड्रायव्हर म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "खरंच मध्ये होती ना ती? का मला बरं वाटावं म्हणून म्हणाली?"

पडद्याच्या कडेला एक ठिपका आत आला आणि गेला. इतक्या लहान चित्रात त्याचे पाय कुठले दिसायला.

"मध्येच होती," ती म्हणाली. "सगळ्यांच्या पुढे."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग डोळे पुसले आणि तिला नीट दिसावं म्हणून पडदा तिच्या बाजूला वळवला. ती डाव्या कडेला बघत राहिली.